जुन्या सिएराच्या पॉवर विंडो : रिले बसवून वायरिंग सुधारावे का?

सह्यगिरी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९६ सालची टाटा सिएरा आहे. ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की टेल्कोने (नंतरच्या टाटा मोटर्सने) १९९१ मध्ये आणलेल्या या गाडीला मागच्या प्रवाशांसाठी वेगळे दरवाजे नाहीत आणि मागच्या त्या प्रसिद्ध मोठ्या काचा उघडतही नाहीत. पुढच्या दोन खिडक्या एवढाच काय तो बाहेरच्या हवेचा मार्ग. त्या खिडक्या पॉवर विंडो असून दरवाजे लांब असल्यामुळे काचाही चांगल्याच मोठ्या आणि जड आहेत.

सध्याची तक्रार अशी. चालकाकडची काच पूर्ण वर जायला इंजिन चालू असताना ११ सेकंद लागतात. हेडलाइट लावले की ती आणखी मंदावते आणि शेवटच्या चार बोटांत जवळजवळ थांबते. डावीकडची काच तिच्या स्वतःच्या स्विचने जरा बरी चढते, पण चालकाकडच्या स्विचने चढवली तर स्पष्टपणे हळू जाते. दोन-तीनदा वरखाली केल्यावर स्विच हाताला कोमट लागतो. आधीच्या मालकाने मूळ स्विच काढून बाजारातले स्विच दोन सीटांच्या मधल्या कन्सोलवर बसवून घेतले आहेत, त्यामुळे ‘कंपनीचे मूळ वायरिंग’ असे आता फारसे काही उरलेले नाही.

माझे मत असे झाले आहे, की मोटरचा सगळा प्रवाह नखाएवढ्या संपर्कबिंदूंमधून नेण्यापेक्षा स्विचने फक्त रिले (थोड्या विजेवर चालून मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) चालवावा आणि मोटरला वीज जाड तारेने बॅटरीकडून थेट मिळावी. हे करणे योग्य आहे का, आणि करायचे असेल तर तारांची जाडी, फ्यूज व रिलेची जागा याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

टोलभैरव

फास्टॅग आल्यापासून आनेवाडीच्या टोल नाक्यावर काच खाली करावी लागत नाही. सर्वांत स्वस्त दुरुस्ती सरकारने आधीच करून ठेवली आहे.

वायरमन

सह्यगिरी, तुमचे मत बरोबर आहे आणि काम अवघडही नाही. प्रत्येक मोटरला पाच पिनांचे दोन रिले लागतील, म्हणजे दोन खिडक्यांना चार.

जोडणी शब्दांत सांगतो. रिलेच्या पिनांवर क्रमांक असतात: ८५ आणि ८६ या कॉइलच्या, कॉइलला वीज मिळून रिले उचलला की ३० ही ८७ला जोडली जाते, एरवी ती ८७एला जोडलेली असते. मोटरच्या दोन तारा दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनांना जोडाव्यात. दोन्ही रिलेंच्या ८७ला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा धन द्यावा आणि दोन्हींच्या ८७एला चांगला अर्थ (गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीच्या ऋणाकडे जाणारी वाट) द्यावा. कॉइलच्या बाजूला ८५ अर्थला जाईल, आणि पूर्वी स्विचकडून मोटरकडे जाणाऱ्या ज्या दोन तारा होत्या, त्यांतली एक एका रिलेच्या ८६ला व दुसरी दुसऱ्याच्या ८६ला जाईल. स्विच न दाबता मोटरच्या दोन्ही तारा अर्थवर राहतात, म्हणून मोटर स्थिर राहते. ‘वर’ दाबले की एक रिले उचलतो, मोटरची एक तार धन होते, दुसरी अर्थवरच राहते आणि काच चढते. ‘खाली’ दाबले की याच्या उलट घडते. दोन्ही एकदम दाबले गेले तरी मोटरच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात आणि काहीच होत नाही, त्यामुळे शॉर्ट होण्याचा धोका नाही.

या प्रकारच्या रिलेची कॉइल साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर घेते. म्हणजे ज्या स्विचमधून आज १० अँपिअर जातात, त्यातून उद्या पाव अँपिअरही जाणार नाही. तुमचे आहेत तेच स्विच मग वर्षानुवर्षे टिकतील.

बॅटरीकडून रिलेपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची आणि रिलेपासून मोटरपर्यंत २.५ची तार वापरावी. अर्थची तारही तितकीच जाड हवी, कारण येणारा प्रवाह जितका, परत जाणाराही तितकाच असतो. बरेच जण धन बाजूला जाड तार टाकतात आणि अर्थ मात्र डॅशबोर्डच्या एखाद्या गंजक्या स्क्रूला बांधून मोकळे होतात.

मूळपुरुष

मी विरुद्ध मत नोंदवतो. जी गाडी आपण जपण्यासाठी ठेवली आहे, तिच्या तारा कापून चार नव्या वस्तू घुसवणे म्हणजे बिघाडाच्या चार नव्या जागा तयार करणे होय. गाडी नवी असताना याच मोटरी रिलेशिवाय काचा व्यवस्थित उचलत होत्या. तेव्हा स्विच बदला, जोड स्वच्छ करा, अर्थ घासा, आणि गाडी जशी होती तशी करा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, आणि तिच्यात फार मोठे फेरफार झालेले नसावेत अशी त्यात अपेक्षा आहे.

टोलभैरव

@मूळपुरुष, १९९६ मध्ये पन्नास मिळवले तर २०४६ येते. तोपर्यंत काच वर पोहोचलेली असेल.

गॅरेजवाले आप्पा

कोल्हापुरात माझे गॅरेज आहे आणि काचा न चढणाऱ्या जुन्या गाड्या नेहमी येत असतात. वायरमनसाहेबांनी दिलेली जोडणी अचूक आहे, तिच्याबद्दल वाद नाही. मात्र काच मंद चढते एवढ्यावरून दोष विजेचा आहे असे कोणी ठरवले?

दरवाजाचे पॅड काढा. काचेच्या मशीनपासून, म्हणजे काच उचलणाऱ्या यंत्रणेपासून, काच सोडवून ती हाताने वर-खाली करून पाहा. काच ज्या खाचेत सरकते त्या चॅनेलमधले रबर कडक होऊन काचेला धरून बसते, फेल्ट झिजून त्याच्या जागी माती साचते, आणि मशीनमधले जुने ग्रीस वाळून लाखेसारखे घट्ट होते. काच थोडी तिरकी झाली असेल तर शेवटच्या चार बोटांतच अडते, आणि तुम्ही नेमके तेच लक्षण लिहिले आहे. अशा गाडीत रिले लावला तर मोटरला जास्त व्होल्ट मिळून ती अडलेली काच जोराने ओढेल, काही दिवस बरे वाटेल आणि मग मोटरचा प्लास्टिक गिअर किंवा मशीनची रिव्हेट जाईल. बैल थकला म्हणून चाबूक मोठा आणायचा आणि चाकाला वंगण मात्र घालायचे नाही, असा हा प्रकार आहे.

चॅनेलमधली माती आधी साबणाच्या पाण्याने धुऊन काढावी, रबर वाळू द्यावे आणि मग सिलिकॉन स्प्रे मारावा. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल तिथे अजिबात लावू नये, कारण त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटते. मशीनच्या धातूच्या सांध्यांना मात्र जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे लिथियम ग्रीस लावावे.

रोहिणी_वि

आप्पा आणि वायरमन या दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि कोणाचे किती खरे आहे हे मल्टीमीटर सांगेल. माझे काम इलेक्ट्रॉनिक्सचे आहे, म्हणून मोजण्याची रीत जरा सविस्तर लिहिते.

इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहावे, ते १३.८ ते १४.२च्या आसपास हवे. नंतर काच वर जात असताना मोटरच्या दोन तारांमध्ये व्होल्टेज मोजावे. फरक एक व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगचा दोष नाही, रिले विसरून जावे. फरक तीन-चार व्होल्ट असेल तर तो कुठे गळतो ते शोधावे. त्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरे क्रमाक्रमाने स्विचच्या आवक पिनेवर, जावक पिनेवर आणि मोटरच्या धन तारेवर ठेवून, प्रत्येक वेळी काच चालती असताना वाचन घ्यावे. परतीच्या बाजूलाही असेच करावे: एक टोक मोटरच्या ऋण तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋणावर. काच स्थिर असताना मोजले तर काहीच कळणार नाही, कारण प्रवाह नसेल तर व्होल्टेज गळतही नाही. खराब जोड अशा वेळी पूर्ण १२ व्होल्ट दाखवून आपल्याला फसवतो.

दुसरे मोजमाप प्रवाहाचे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर मोटरच्या एका तारेभोवती लावावा, मात्र एसीचा स्वस्त क्लॅम्प इथे चालत नाही. काच सोडवलेली असताना आणि जोडलेली असताना प्रवाहात किती फरक पडतो, हा आप्पांच्या प्रश्नाचा थेट निकाल आहे.

स्विच कोमट लागतो, याचाही हिशेब होतो. संपर्कावर एक व्होल्ट गळत असेल आणि १० अँपिअर जात असतील तर तिथे १० वॅट उष्णता तयार होते. एवढ्याशा प्लास्टिकच्या पेटीसाठी ती फार आहे.

तारेचेही तसेच. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरमागे सुमारे १९ मिलिओहम आणि २.५च्या तारेचा सुमारे ८ मिलिओहम असतो. जाण्या-येण्याची लांबी ८ मीटर आणि प्रवाह १० अँपिअर धरला तर पहिल्या तारेत दीड व्होल्ट जातो, दुसरीत जेमतेम ०.६.

कोव्हेंट्रीकर

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत राहून जुनी जॅग्वार ठेवली नाही तर शेजारी विचारतात, म्हणून माझ्याकडे एक्सजे-एस आहे. (ती १९७५ ते १९९६ या काळात इथल्याच ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनत असे.) मंद काचा हा इथल्या जुन्या मोटारवाल्यांचा हिवाळ्यातला ठरलेला विषय आहे, कारण थंडीत चॅनेलचे रबर ताठरते आणि बॅटरीही ढिली पडते. तयार रिले हार्नेसही (रिले जोडलेले तारांचे जुडगे) मिळतात.

सह्यगिरींच्या डाव्या खिडकीबद्दल मात्र कोणी बोलले नाही. चालकाच्या स्विचने ती जास्त मंद का जाते? पुष्कळ जुन्या गाड्यांत चालकाकडून येणाऱ्या दोन तारा प्रवाशाच्या स्विचमधून पुढे मोटरकडे जातात, आणि परतीचा प्रवाहही त्याच मार्गाने मागे येऊन चालकाच्या स्विचवर अर्थला मिळतो. म्हणजे प्रवाशाने स्वतःचा स्विच दाबला तर धन त्याच्याच संपर्कातून येतो, पण चालकाने दाबला तर दोन्ही स्विचचे मिळून चार संपर्क आणि त्यांच्यामधली तार एवढे सगळे पार करावे लागते. तेव्हा रिले प्रवाशाच्या स्विचच्या पुढे, मोटरच्या अगदी आधी घालावेत. दोन स्विचांच्या मध्ये घातले तर त्यांच्यापुढे प्रवाशाच्या स्विचचे तेच झिजलेले संपर्क मोटरच्या वाटेत राहतात.

@मूळपुरुष, तारा कापायला नकोच आहेत. मूळ कपलरला (तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाला) बसतील असे नर-मादी कपलर घेऊन मध्ये वेगळा हार्नेस घातला, तर उद्या तो उपटून गाडी पूर्ववत करता येते.

मूळपुरुष

कपलरची सूचना मान्य आहे. तार न कापता होणार असेल तर माझा विरोध निम्मा झाला असे समजावे. उरलेला निम्मा विरोध रिलेच्या कटकट आवाजाला आहे.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे वायरिंगचा खरा शत्रू खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. रिले दरवाजाच्या आत बसवण्याचा मोह कोणालाही होईल, कारण मोटर तिथेच असते. पण दरवाजाचा आतला भाग ओलाच असतो. काचेवरचे पाणी बाहेरच्या पट्टीतून आत उतरते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते, तशीच ती रचना आहे. ती भोके मातीने बुजली की दरवाजात पाणी साठते, आणि पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा एखाद्या गॅरेजने फाडून फेकून दिला असेल तर पॅडही फुगते.

म्हणून रिले डॅशबोर्डखाली, पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे कोरड्या जागी बसवावेत, आणि पिना खाली येतील अशा रीतीने लटकवावेत, म्हणजे ओलावा आला तरी सॉकेटमध्ये साचणार नाही. तार शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी. साधे तांबे आमच्या हवेत इन्सुलेशनच्या आत हातभर हिरवे पडत जाते.

एक ठिकाण अवश्य तपासा. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या तारा वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटतात. बाहेरून आवरण धड दिसते, आत तीसातले पाच-सहा धागे शाबूत असतात. मीटरवर त्या व्यवस्थित सलग दिसतात आणि काच चढताना मात्र तिथेच व्होल्टेज खातात. मी त्या तुकड्यात नेहमीच बारीक धाग्यांची, जास्त लवचीक तार टाकतो.

नवखा

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. घरात उरलेली २.५ची वायर वापरली तर चालेल का? जाडी तर तीच आहे.

वायरमन

@नवखा, वापरू नये. घरगुती वायरचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश तापमानासाठी असते, तर गाडीची पातळ आवरणाची चांगली तार १०५ अंशांसाठी बनवलेली असते आणि तेल-डिझेलही सोसते. शिवाय गाडीच्या तारेतले धागे बारीक आणि अधिक असतात, त्यामुळे ती कंपनांत आणि वाकण्यात टिकते.

त्याच ओघात जोडांबद्दल सांगतो. सोल्डर केलेला जोड दिसायला सुंदर असतो, पण सोल्डर तारेत वर चढते आणि जिथे संपते तिथे तार कडक होऊन कंपनांनी तुटते. योग्य पकडीने दाबलेले थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे टोपण) व वरून हीट-श्रिंक स्लीव्ह हेच गाडीसाठी योग्य. दाताने सोलून, पिळून, वर काळी पट्टी गुंडाळलेले जोड मी असंख्य पाहिले आहेत. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

सह्यगिरी

सर्वांचे आभार. पुण्यात हे सामान एका फेरीत कुठे मिळेल?

बाजीरावरोडी

रिले, सॉकेट, फ्यूज बॉक्स आणि गाडीची तार नाना पेठेत मिळेल. डायोड, हीट-श्रिंक, मीटरचे टोकदार प्रोब यांसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. एका फेरीत होईल, पण गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंग शोधण्यात जो वेळ जाईल त्यात खिडकी हाताने वर येईल. मुंबईकरांनी अनुक्रमे कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि लॅमिंग्टन रोड गाठावा.

एक सावधगिरी बाळगा. पाच पिनांचा रिले मागितला की दुकानदार दोन प्रकारांपैकी हाताला येईल तो देतो. एका प्रकारात मधली पिन ८७ए असते, दुसऱ्यात मधली पिनही ८७च असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि एकाच सॉकेटमध्ये बसतात. दुसरा प्रकार घेतला तर विश्रांतीत मोटरच्या तारांना अर्थ मिळणार नाहीच, उलट धन आणि अर्थ रिलेच्या आतच जोडले जाऊन शॉर्ट होईल आणि फ्यूज उडेल. रिलेच्या पाठीवर छापलेली आकृती दुकानातच वाचून घ्यावी.

रोहिणी_वि

बाजीरावरोडींनी महत्त्वाचे सांगितले. त्याला जोडून आणखी एक: रिलेवर ४०/३० अँपिअर असे छापलेले असते, त्यातला मोठा आकडा ८७चा आणि लहान ८७एचा असतो. आपल्या जोडणीत मोटरचा परतीचा प्रवाह दुसऱ्या रिलेच्या ८७एमधूनच जातो, त्यामुळे निवड करताना लहान आकडा पाहावा. पॉवर विंडोची मोटर मोकळी चालताना ३ ते ५ अँपिअर घेते, पण काच वर टेकल्यावरही स्विच दाबून ठेवला तर प्रवाह २० अँपिअरच्या घरात जाऊ शकतो, आणि रिलेनंतर मोटरला व्होल्टेज जास्त मिळणार असल्याने हा अडलेला प्रवाहही पूर्वीपेक्षा वाढेल.

डायोडबद्दल (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या भागाबद्दल) अजून कोणी लिहिलेले नाही. कॉइलचा प्रवाह तुटताना तिच्यात उलट दिशेने शंभर व्होल्टच्या पुढचा झटका निर्माण होऊ शकतो, आणि स्विचच्या संपर्कावर ठिणगी पडते. ती टाळण्यासाठी ८५ आणि ८६ यांच्यामध्ये १एन४००७ डायोड लावावा. पट्टीचे टोक ८६कडे, म्हणजे धनाकडे. काही रिलेंत तो आतच असतो, आणि तिथे ८५-८६ची अदलाबदल केली तर डायोड जळतो. ज्यांना दिशेची भानगड नको त्यांनी आत समांतर रोध असलेला रिले घ्यावा.

गॅरेजवाले आप्पा

फ्यूज कुठे लावायचा तेही लिहा. लोक फ्यूज रिलेजवळ लावतात आणि बॅटरीपासून तिथपर्यंतची जाड तार उघडीच सोडतात. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) भोकात ती तार घासली तर मध्ये तिला रोखणारे काहीच नसते.

वायरमन

आप्पा, बरोबर. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. ४च्या तारेवर ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज, आणि पुढे प्रत्येक मोटरला २०चा वेगळा. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घालावे आणि तार पूर्णपणे नळीतून न्यावी.

किल्ली काढल्यावर काचा चालू नयेत, यासाठी स्विचला येणारा मूळ धन इग्निशनवरच ठेवावा. स्विचला वीज नसेल तर रिले उचलणारच नाही, म्हणून त्यासाठी वेगळ्या रिलेची गरज नाही.

रोहिणी_वि

इथे माझे मत वेगळे आहे. रिलेचा संपर्क कधीकधी चिकटतो, विशेषतः हलक्या प्रतीचा रिले मोटरच्या अडलेल्या प्रवाहावर वारंवार तोडला तर. संपर्क चिकटला आणि ८७ला बॅटरीचा थेट धन असेल, तर स्विच सोडला काय आणि किल्ली काढली काय, मोटर काच वर दाबतच राहते. तेव्हा चारही रिलेंच्या आधी इग्निशनवर चालणारा एक मुख्य रिले ठेवावा, म्हणजे किल्ली फिरवली की सगळे बंद. या गाड्यांना काचेत हात अडकल्यावर उलट फिरणारी आधुनिक यंत्रणा नाही. आज काच इतकी अशक्त आहे की बोटाने थांबते. उद्या ती तशी थांबणार नाही. ज्यांच्या गाडीत लहान मुले बसतात त्यांनी हा पाचवा रिले टाळू नये.

वायरमन

मुलांचा मुद्दा पटला. पाचवा रिले घालावा. त्याच्या ८७वरून दोन मोटरींचे दोन फ्यूज काढावेत.

कोव्हेंट्रीकर

@सह्यगिरी, मोजमापे घेतलीत का? आम्ही इथे पाच रिलेंपर्यंत पोहोचलो, आणि मूळ दोष अजून ठरलेलाच नाही.

सह्यगिरी

घेतली. उजव्या दरवाजाची वाचने देतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट आणि काच चढताना मोटरवर फक्त ९.४. गळालेल्या ४.६ व्होल्टची विभागणी अशी निघाली: बॅटरीपासून स्विचच्या आवक पिनेपर्यंत १.५, स्विचच्या संपर्कात १.१, स्विचपासून मोटरपर्यंत ०.६ आणि परतीच्या बाजूला १.४. प्रवाह ११ अँपिअर. काच मशीनपासून सोडवली तेव्हा तीच मोटर ४ अँपिअरवर चालली, म्हणजे आप्पांचा संशय खरा ठरला. चॅनेलच्या तळाशी मातीचा थर होता, आणि पुढच्या बाजूच्या मार्गदर्शक पट्टीचा बोल्ट ढिला होऊन काच तिरकी झाली होती.

चॅनेल धुतले, पट्टी सरळ केली, सांध्यांना ग्रीस दिले. फक्त एवढ्यावर प्रवाह ७.५वर आला, मोटरवर १०.९ व्होल्ट मिळू लागले आणि काच ११ऐवजी ७ सेकंदांत चढू लागली. खरे तर इथेच थांबता आले असते.

मूळपुरुष

थांबावे! रिलेचा एक रुपयाही खर्च न होता गाडी मूळपदावर येत आहे.

सह्यगिरी

@मूळपुरुष, मलाही तसे वाटले होते, पण ७.५ अँपिअरवरही ३ व्होल्ट गळत होते आणि स्विच तापतच होता. बाजारातल्या त्या स्विचांच्या जागी मूळ नमुन्याचे स्विच मिळत नाहीत, तेव्हा आहेत तेच वाचवणे भाग होते. म्हणून कपलर लावून वेगळा हार्नेस केला, एकही जुनी तार न कापता. रिले डाव्या पायाजवळच्या पॅनेलमागे, पिना खाली करून बसवले आहेत. रोहिणीताईंचा पाचवा रिलेही घातला. दर्यावर्दींनी सांगितलेल्या रबरी नळीत उजवीकडची एक तार खरोखरच आतून तुटत आली होती. दोन्ही दरवाजांत तो तुकडा बदलला.

आता मोटरवर १३.२ व्होल्ट येतात, काच ५ सेकंदांच्या आत चढते आणि हेडलाइट लावल्याने फरक पडत नाही. डावी काच दोन्ही स्विचांनी सारख्याच वेगाने जाते. आवाज होतो, पण इंजिन चालू केले की तो ऐकू येत नाही. १९४८ सीसीच्या त्या डिझेलपुढे कोणत्याही रिलेचे काही चालणार नाही.

गॅरेजवाले आप्पा

छान काम झाले. पहिल्या पावसाआधी तळाची भोके मोकळी करा, आणि महिनाभराने बॅटरीचे लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या) व अर्थचा बोल्ट पुन्हा आवळा. नवा लग बसताना थोडा दबतो आणि सैल होतो. काच वर टेकल्याचा आवाज आला की बोट उचलायची सवय घरातल्या सर्वांना लावा, नाहीतर मशीन पुन्हा माझ्याकडे येईल.

नवखा

हा धागा वाचून मी माझ्या जुन्या परदेशी गाडीत मीटर लावला. वायरमन म्हणतात की स्विच न दाबता मोटरच्या दोन्ही तारा अर्थवर असतात, पण माझ्या गाडीत दोन्ही तारांवर १२ व्होल्ट दिसतात आणि तरी मोटर फिरत नाही. मीटर बिघडला असेल का?

रोहिणी_वि

मीटर ठीक आहे, तुमच्या गाडीची रचना उलट आहे. तिथे विश्रांतीत दोन्ही तारा धनावर असतात आणि स्विच दाबल्यावर त्यांतली एक अर्थला जाते. वर दिलेली जोडणी तशीच केली तर किल्ली लावताच दोन्ही रिले उचलून बसतील.

तुम्ही कॉइलची ८५ पिन अर्थऐवजी धनाला जोडा आणि स्विचची तार ८६ला ठेवा. स्विच अर्थ देईल तेव्हा रिले उचलेल. डायोडची पट्टी आता ८५कडे येईल. ३०, ८७ आणि ८७ए तसेच राहू द्या, मात्र काच उलट दिशेने जाईल, म्हणून मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा.

यात एक खबरदारी आहे. ८५ला दिलेला धन स्विचला येणाऱ्या इग्निशनच्याच तारेवरून घ्या, थेट बॅटरीवरून घेऊ नका. थेट घेतला तर किल्ली काढल्यावर स्विचची बाजू मृत होईल, तिच्यावर जोडलेल्या इतर उपकरणांमधून कॉइलला अर्थ मिळेल, आणि रिले रात्रभर उचललेले राहून सकाळी बॅटरी रिकामी सापडेल.

नवखा

म्हणजे आधी कॉइलचा धन कुठून घ्यायचा ते शोधतो. इग्निशनची तार ओळखण्यासाठी टेस्ट लॅम्प पुरेल ना?

वायरमन

पुरेल. किल्ली बंद असताना दिवा विझला पाहिजे, किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे, आणि स्टार्टर फिरताना काय होते तेही पाहून ठेवा. काही गाड्यांत तेवढ्यापुरती ती तार बंद होते. तसे झाले तर घाबरू नका, काचांसाठी तीच योग्य तार आहे.